पहिलं मोडतंच

वाटीतली खीर रात्रभरात थिजून घट्ट झाली होती. आबांनी काल तिला चमचासुद्धा लावला नव्हता. मंजुळा फ्रिजचं दार उघडं धरून त्या वाटीकडे बघत राहिली. मे महिन्याच्या उकाड्यात तोंडावर येणारा गारवा बरा वाटत होता, म्हणून गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

बुद्धपौर्णिमेची खीर म्हणजे तिच्या सासऱ्यांचा जीव की प्राण. विहारात सगळ्यांना वाढून झालं की पातेलं खरवडायला आबा सर्वांत पुढे. काल मात्र त्यांनी वाटी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

सासूबाई गेल्यापासून हे असंच चाललं होतं. घोटभर चहा, फार तर अर्धं बिस्किट. मंजुळानं मऊ भात करून पाहिला, मुगाचं कढण करून पाहिलं, नाचणीची पेज करून पाहिली. आग्रह करून करून तोंड दुखलं, रागावून झालं, एकदा तर त्यांच्यासमोरच रडू फुटलं. आबा प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे म्हणायचे, "नको गं पोरी, भूक नाही." आता डॉक्टरांनीही साफ सांगितलं होतं. आज दुपारपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर ॲडमिट करा, नाकातून नळी घालावी लागेल. तिचा नवरा, राकेश, पहाटेच वागळे इस्टेटला पहिल्या पाळीला गेला होता. जाताना टॉवेल आणि दोन सदरे भरलेली पिशवी दाराशी ठेवून गेला होता.

"मम्मी, पॅनकेक कर ना." दीप्ती ओट्याशी येऊन उभी राहिली. घोडबंदर रोडच्या सरोज आत्याकडे सुट्टीला राहून आल्यापासून लेकीला घरची चपाती गोड लागेनाशी झाली होती.

"इथे काय हॉटेल उघडलंय?"

"अगं, इझी असतं. पीठ, अंडं, दूध, साखर. बस."

दोन वेगळे नाश्ते करायचं त्राण मंजुळात नव्हतं. दूध-साखर तर वाटीत होतीच, वर वेलची आणि शिजलेला तांदूळ. तिनं खीर भांड्यात उपडी केली, अंडं फोडलं, दोन मुठी कणीक टाकली, चिमूटभर सोडा घातला. काल एवढा वेळ उभं राहून आटवलेल्या दुधाचं हे असं झालेलं बघून वाईट वाटायला हवं होतं. पण वाईट वाटून घ्यायलाही अंगात थोडी ताकद लागते.

खोली एकच. खुर्चीत बसलेल्या आबांना तिथून ओटा दिसत होता. त्यांच्यासमोरच्या स्टुलावर तिनं फुलाफुलांची काचेची बशी आधीच मांडून ठेवली होती. ठेवायची म्हणून.

तव्याचं कोटिंग कधीच उडालं होतं. पहिल्या पॅनकेकची कड सुटल्यासारखी वाटली म्हणून तिनं उलथनं सारलं आणि साखरेनं दगा दिला. अर्धा तव्यालाच चिकटून बसला, अर्ध्याचे तीन तुकडे झाले.

"शी! हा मला नको."

"देतंय कोण तुला? थांब जरा."

तिनं तुकडे खरवडून ताटलीत काढले. आपणही कालपासून काही खाल्लेलं नाही, हे तिला आत्ता आठवलं. उभ्या उभ्याच तिनं एक तुकडा उचलला, फुंकर घातली.

"ते कुणाला?"

आधी तिला वाटलं शेजारच्या खोलीतून आवाज आला. वळून बघते तर आबा खुर्चीत पुढे सरकून बसलेले.

"काय, आबा?"

"ते पहिलं. मोडलेलं."

"हे होय? हे मी खाते. तुम्हाला चांगलं देते ना, आता दुसरं घालतेय..."

"धिरड्यातलं पहिलं मोडतंच," आबा म्हणाले. "तुझी सासू ते मला घालायची. लग्न झाल्यापासून." त्यांना दम लागला. "चांगली चांगली पाहुण्यांना ठेवायची. तू आपली रोज मला चांगलं काढून वाढतेस. मी काय पाहुणा आहे ह्या घरात?"

मंजुळानं स्टुलावरची फुलाफुलांची बशी उचलली आणि तिथे हातातली स्टीलची ताटली ठेवली.

आबांनी एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिले.

"करपलंय," ते म्हणाले, आणि दुसरा उचलला.

"मम्मी, बघ ना, आबा..."

"गप. तिकडे बघू नकोस."

मंजुळानं तव्यावर तेल फिरवलं, पीठ ओतलं. ह्या वेळी तिनं घाई केली नाही. वर बुडबुडे आले, फुटले, तेव्हा कुठे उलटलं. चांगलं गोल, तांबूस, कुठे एक चीर नाही. सरोज आत्यालाही जमलं नसतं असं. दीप्तीनं लगेच ताटली पुढे केली.

"पुढचं तुझं," मंजुळा म्हणाली.

आबा बोटानं ताटलीतला चुरा टिपत होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. मग उलथन्याची धार त्या गोल धिरड्याच्या बरोबर मध्ये दाबली, वेडंवाकडं फाडलं आणि त्यांच्या ताटलीत टाकलं.

"हेपण मोडलं, आबा."