तबक

“दोन्ही हातांनी धर गं, देवापुढे धरतात तसं,” कमवा-शिका योजनेचे सर कांचनला म्हणाले. बक्षीस समारंभात मंचावर तबक घेऊन उभं राहायचं, हेच तिचं आजचं काम. शेवटच्या रांगेत आई बसली होती. लेकीला बक्षीस मिळणार म्हणून सोमवारचा उपास धरूनच पहाटेच्या एसटीनं आलेली.

“संस्कृतमध्ये प्रथम, कांचन घोलप!”

टाळ्या पडल्या. कांचन तबक टेबलावर ठेवायला वाकली, तोच सर कानाशी कुजबुजले, “अगं, खाली काय ठेवतेस? पाहुण्यांना घाई आहे. तू आत्ता कामावर आहेस ना? तुझं नंतर ऑफिसातून घे.” आणि त्यांनी बक्षिसांच्या रांगेतल्या दुसऱ्याच मुलीला तिच्या जागी खुणेनं पुढे बोलावलं.

पाहुण्यांनी कांचनच्याच तबकातला चषक उचलून त्या मुलीच्या हाती दिला. फोटो निघाला. पुढचं नाव पुकारलं गेलं.

कार्यक्रम संपल्यावर आईनं तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग दुसरीकडेच बघत म्हणाली, “तबक किती छान धरलंस गं बाई. हात जरासुद्धा हलला नाही.”