घरची अकरा मतं

“आमच्या एकाच घरातली अकरा मतं, मग गावच्या केंद्रावर आमच्या उमेदवाराला सातच कशी?” रंगनाथ भोइट्यांनी लोकसभेच्या निकालाचा कागद अंगणवाडीच्या टेबलावर आपटला.

मतदारयादीचं काम अंगणवाडीच्या प्रमिलाताईंकडे असल्यानं सगळ्यांचा संशय त्यांच्यावर होता. आता तर त्यांनाही मतदान यंत्राची शंका येऊ लागली.

“यापुढे कागदी मतपत्रिकाच हवी. संध्याकाळी तशा अर्जावर सही करा, नाहीतर तुम्हीही त्यातल्याच,” असं बजावून रंगनाथराव निघून गेले.

त्यांची बायको कौसल्या मात्र दारातच घुटमळली. “ताई, यंत्राचा काही दोष नाही,” ती हळूच म्हणाली. “आम्ही चौघी जावांनी दुसऱ्यालाच मत दिलं. ह्यांना कळलं तर आमची धडगत नाही.”

संध्याकाळी ग्रामसभेत अर्ज फिरला. सगळ्यांनी सह्या केल्या, कौसल्येनंसुद्धा. ताईंनी मात्र तो तसाच पुढे सरकवला.

“का हो ताई? काय लपवताय?” रंगनाथरावांनी सगळ्यांदेखत विचारलं.

कौसल्येची मान खाली गेली. ताईंनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. “मला यंत्राची शंका नाही,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून ताई मतांच्या घोटाळ्यात सामील असल्याची गावाला खात्रीच पटली.