राखीव गाडी

"शालनताईंना अजून एक चहा पाठव, पण इकडे फिरकू देऊ नकोस," हेमचंद्रांनी सईला बजावलं आणि ते पुन्हा अनीशसमोर येऊन बसले.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या रसायनाच्या कारखान्यात एक टाकी सतत गार ठेवावी लागे. तापली तर फुटणार, आणि मग जवळपास असलेल्याचं काही खरं नाही. वीज गेली आणि कारखान्याचा जनरेटरही रुसला, तर धावून यायला बाहेर कुणीतरी जनरेटरची गाडी कायम मोकळी ठेवायची, असा करार असे. एक नव्हे, दोन गाड्या. एक उल्हासनगरच्या अनीशची, दुसरी बदलापूर गावातल्या शालनताईंची. खरेदी हेमचंद्रांच्या हातात. टाकीवर दिवसपाळीला त्यांचाच मुलगा, पुष्कर. त्यामुळे दोन गाड्यांचा हट्टही त्यांचाच.

"साहेब, गाडी वर्षभर खाली उभी ठेवायची म्हणजे या रेटला नाय परवडत," अनीश म्हणाला. "आणि लग्नाचा सीझन तोंडावर."

"अरे बाबा, तुला बोलावतोय कोण? पहिला फोन शालनताईंना. तू आपला कागदावर. भाव उतरव, नाहीतर बाहेर दुसरे उभेच आहेत."

अनीशने मान खाजवली, पंख्याकडे पाहिलं आणि सही केली.

मग हेमचंद्र पलीकडच्या खोलीत गेले. दार लागलं. थोड्या वेळाने शालनताई पदर सावरत बाहेर आल्या. त्यांचीही सही झाली होती, तीही अनीशच्याच भावात.

"सर, असं सांगितलंत तरी काय?" सईने विचारलं. ती खात्यात नवीन होती.

"याला गेम थिअरी म्हणतात, सईबाई! दोघांना वेगवेगळं बसवायचं. एकाचं दुसऱ्याला कळलं नाही, की दोघंही आपणहून खाली येतात."

"पण एकदा समोरासमोर बसवलं असतं तर?"

"म्हणजे संगनमत करायला मोकळे! काय खुळी आहेस गं!" स्वारी भलतीच खुशीत होती.

मे महिन्यात, भर दुपारी, वीज गेली. कारखान्याचा जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला.

उल्हासनगर जवळचं, म्हणून हेमचंद्रांनी आधी अनीशला फोन लावला.

"साहेब, आपली गाडी वांगणीला लग्नात लागलीये. लगेच नाय निघणार. पण शालनताईंची येईल ना? पहिला नंबर त्यांचा, तुम्हीच बोललात."

"हरामखोर!" हेमचंद्र ओरडले. पण चला, याच दिवसासाठी तर दुसरी गाडी ठेवली होती.

तेवढ्यात पुष्करचा फोन. "बाबा, काटा चढतोय."

"तू आधी बाहेर निघ!"

"मी निघालो तर बर्फ कोण टाकणार? बाकीच्यांना पाठवलंय बाहेर. गाडी येतेय ना?"

"येतेय रे बाळा. आलीच समज."

शालनताईंचा नंबर दुसऱ्या प्रयत्नात लागला. बराच वेळ रिंग वाजली. मग फोन उचलला गेला आणि बँडचा दणदणाट कानात शिरला.

"अहो साहेब, मोठ्यानं बोला, गाडी घेऊन चामटोलीला लग्नाच्या मांडवात आहे मी! काय म्हणता, लाइट गेली? मग अनीशभाईंची गाडी पोचली ना?"