नवी फळी

कुंपणाची एक फळी वाऱ्याने निखळली होती. त्या फटीच्या अलीकडे जाईबाई बसायची, पलीकडे मोमेना. दोघींच्या मांडीवर सुपाऐवजी पिझ्झाच्या खोक्याचं झाकण, त्यात परसातल्या झाडाची भिजवून मऊ केलेली पानं आणि वाळवलेली चहापूड. संपलेल्या कॉलिंग कार्डाच्या मापाने पानं कापायची आणि विड्या वळायच्या. ओढणारं कुणी नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

जाईबाई गोंदियाकडच्या तिरोड्याची, मुलगा सुभाष इंजिनिअर. मोमेना बंगालातल्या मुर्शिदाबाद जिल्ह्याची, मुलगा डॉक्टर. दोन्ही पोरं आयांच्या विड्यांवरच शिकली आणि दोघांनीही अमेरिकेत शुगर लँडमध्ये घरं घेऊन आपापल्या आईला सुखात ठेवलं. सुख म्हणजे दिवसभर एसी आणि पुढच्या दाराला अलार्म. एकदा जाईबाई पाय मोकळे करायला बाहेर पडली. सगळी घरं एका साच्यातली, तिला आपलं सापडेना. शेवटी पोलिसांच्या गाडीने आणून सोडलं. तेव्हापासून तिच्यासाठी परसाचं दार तेवढं उघडं.

"आज बेटा टिकट का बोलनेवाला है," जाईबाई म्हणाली. "अपन तो चले, बाप्पा."

मोमेना वळत राहिली. तिच्या जिल्ह्याचं सगळं जाईबाईला आता पाठ झालं होतं. तिकडे आंबा आहे, रेशीम आहे आणि घरोघरी विडी आहे. पुरुष गवंडीकामाला परमुलखात जातात, बाया उंबऱ्यात बसून विड्या वळतात आणि संध्याकाळी कंत्राटदाराचा मुन्शी येऊन वाकड्या विड्या फेकून देतो. पावसाळ्यात गंगा काठ खाते, हेही मोमेनाने सांगितलं होतं. पण कुणाचा काठ, ते आजवर सांगितलं नव्हतं.

"हमारा घर भी खाया," ती म्हणाली. "पहले आम का पेड़, फिर रसोई. फिर वो चौखट, जहाँ बैठ के हम बीड़ी बाँधता था."

जाईबाईने हातातली विडी खाली ठेवली. "तो मेरे साथ चल ना. मैं जाके हमारे बीड़ीवाले सेठ को बोलती. तेरे को काम, मेरे घर में जगा."

मोमेना हसली. "पहले तू तो निकल."

तिने पुढचं पान हातात घेतलं. मग हळूच म्हणाली, "सच में बोलेगी?"

"बोलेगी."

संध्याकाळी सुभाष हातोडी आणि नवीकोरी फळी घेऊन आला. कॉलनीच्या असोसिएशनने कुंपणावरून त्याला दोनदा टोकलं होतं. त्याने घाम पुसत फळी ठोकली, फट राहू नये म्हणून खिळे जास्तीचे मारले आणि हात धुऊन आईजवळ येऊन बसला.

"आई, गुड न्यूज! तुझं व्हिसाचं एक्सटेंशन अप्रूव्ह झालं. तिकीट कॅन्सल केलं मी."

"सुभाष, मला घरी जायचं आहे रे."

"घरी काय आहे, आई? परत पानं भिजवायची, परत त्या सेठची बोलणी खायची?" त्याने तिचे हात हातात घेतले. त्याचे डोळे भरून आले होते. "बघ ना, बोटं किती मऊ झालीत तुझी. यासाठीच तर केलं ना सगळं."

 वाईट वागत असता तर निदान भांडता आलं असतं. जाईबाईने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फळीपाशी जाऊन बसली. पलीकडे कात्री चालू होती.

"जाई? टिकट मिला?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं, पण तिला मोमेनाचा नदीत गेलेला उंबरा आणि कालचं 'सच में बोलेगी?' आठवलं.

"मिला," ती म्हणाली. "कल जाती."

कात्री थांबली. मग कुंपणावरून लाल दोऱ्याने बांधलेली विड्यांची जुडी आली आणि जाईबाईच्या पदरात पडली.

"सेठ को दिखाना," मोमेना म्हणाली. "बोलना, मोमेना का हाथ अभी भी चलता है."

आठवडाभर जाईबाई परसात फिरकली नाही. तिरोड्याला गेलेलं माणूस कुंपणापाशी कसं येणार? काचेच्या दाराआड बसून ती फळीकडे बघत राही. शेवटी राहवलं नाही. चपला दारातच काढून ती अनवाणी गेली आणि फळीला पाठ लावून बसली. चहापूड भरली, पान वळलं, दोरा दातांनी तोडला, सगळं आवाज न करता. खोकल्याची उबळ आली ती पदरात दाबली.

पलीकडे कात्री चालली होती. थोड्या वेळाने मोमेना स्वतःशीच बोलली.

"जाई ने सेठ को बोल दिया होगा अब तक."