कडू चहा

डॉक्टरांसमोरच्या एका खुर्चीत ती बसली होती, शेजारच्या खुर्चीत तिचा दादा. आजार तिचा होता, पण प्रश्न सगळे दादाच्याच वाट्याला येत होते.

"झोपते का?"

"झोपते कशीबशी."

"आणि संशय?"

"तो काही जात नाही बघा. रोज सकाळी तेच! चहा कडू लागतो, कुणीतरी त्यात काहीतरी कालवतंय म्हणते. अहो, मी स्वतः करतो हिचा चहा. ज्या हातांनी हिच्या वेण्या घातल्या, त्याच हातांनी!"

"कडू लागतो म्हणून लागतो," ती म्हणाली. "जीभ माझी आहे ना?"

डॉक्टर तिच्याकडे न बघताच हसले. "गोळी वाढवू या," म्हणत त्यांनी पेन उचललं.

तिने पिशवीतून थर्मास काढला, सकाळचा न प्यायलेला चहा झाकणात ओतला आणि त्यांच्यापुढे धरला. "लिहायच्या आधी एक घोट घ्या."

लहान मुलाची समजूत काढावी तसं डॉक्टरांनी झाकण ओठांशी नेलं.

"नको, डॉक्टर!" दादा ताडकन उठला. "त्यात हिची गोळी कुटून घातलीय. हातात दिली तर घ्यायची नाही, म्हणून…"

डॉक्टरांनी झाकण खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. तिने मात्र दादापुढे तळहात पसरला.

"कधी देऊन पाहिलीस? डोक्यात कल्लोळ उठतो तो माझ्या, दादा. तो थांबावा असं तुम्हा दोघांपेक्षा मला जास्त वाटतं. ठेव इथे गोळी, आणि पाणी दे."