राहणीमानाची पाहणी

आदिवासींचं राहणीमान सुधारायला सरकारने पाठवलेली तरुण अधिकारीबाई टोपल्या विणणाऱ्या आजीच्या अंगणात येऊन बसली. आजीच्या सुनेला कारखान्यात नोकरी द्यायची होती, पण त्याआधी घराची पाहणी करून फॉर्म भरायचा होता.

"आजी, दिवसाला किती काम करता?"

"ऊन चढेपर्यंत विणते, मग जरा लवंडते. आणि तू गं?"

"मी सकाळी सातला निघते, घरी जायला रात्रीचे नऊ. बरं, झोप कशी लागते तुम्हाला?"

"पाठ टेकली की डोळा लागतो. तुला?"

"गोळी घेतली तर लागते," अधिकारीबाई हसून म्हणाली, पण ते हसू काही जमलं नाही.

पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं आजीला केव्हाची दिसत होती. तिने हातातलं काम बाजूला ठेवून चटई अंथरली. "सून रानातून येईपर्यंत पड जरा. तुझा फॉर्म काही पळून जात नाही."

नको नको म्हणत अधिकारीबाई आडवी झाली.

दोन तासांनी, "दारात गाडी कुणाची हो?" असं मोठ्याने विचारत सून अंगणात शिरली. आजीने ओठांवर बोट ठेवलं.


"हळू बोल गं. सरकार झोपलंय."