उतार की उतरा

दातांचे डॉक्टर आठ वर्षं आपलं छोटं विमान एकटेच उडवत होते. आज बायको पहिल्यांदाच शेजारी बसली होती, तीही एका अटीवर: भीती वाटली, तर पुन्हा कधी 'चल' म्हणायचं नाही.

अनोळखी धावपट्टी दिसू लागली. तिथला राखणदार रेडिओच्या खरखरीतून दोनदा ओरडला. डॉक्टरांना ऐकू आलं, "पुढे उतरा! पुढे उतरा!" त्यांनी पट्टीचा अर्धा भाग सोडून पुढे चाकं टेकवली. तिथून जमीन जी घसरत गेली, तिच्यामागे विमानही गेलं आणि कुंपण मोडून गवतात नाक खुपसून थांबलं. पंखा वाकला, पण दोघांना खरचटलंही नाही.

राखणदार धापा टाकत आला. "अहो साहेब, उतार म्हणालो मी, उतार! पुढे उतार आहे!"

"मला 'उतरा' ऐकू आलं," डॉक्टर पुटपुटले. बायकोकडे बघायचा त्यांना धीर होईना.

पट्टा सोडवत ती म्हणाली, "मला 'उतार'च ऐकू आलं होतं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"उतरेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, असं तुम्हीच बजावलं होतं. तुमच्या खुर्चीतल्या पेशंटला तरी तोंड उघडता येतं!"

डॉक्टर खाली उतरून वाकलेला पंखा चाचपू लागले.

"पंखा लवकर दुरुस्त करून घ्या," ती म्हणाली, "आणि पुढच्या वेळी रेडिओ माझ्याकडे द्या."